उलटा घातलेला हेडफोन

माझ्या उजव्या कानाला आज जे काही ऐकू येतं, ते एका स्वस्त हेडफोनच्या कृपेनं. हे मी कुठं सांगितलं की लोक आधी हसतात, मग काळजीनं म्हणतात, हेडफोननं कान जातात हो, वाचत नाहीत. मी वाद घालत नाही. माझी मुलगी कानात ती बोंडं खुपसून तासन् तास बसते तेव्हा मीही तिच्यावर खेकसतेच. पण माझ्यापुरतं खरं ते खरं. अकरावी-बारावीच्या त्या दिवसांत मला बंदुकीच्या खेळाचं वेड लागलं नसतं, आणि त्या वेडापायी मी चांगल्या हेडफोनच्या मागं लागले नसते, तर माझा कान आतल्या आत खराब होत गेला असता आणि घरात कुणाला पत्ताही लागला नसता. गंमत अशी की आमच्या घरात माझ्या कानाची जेवढी काळजी घेतली जायची, तेवढी गल्लीत दुसऱ्या कुणाच्या कानाची घेतली जात नसेल.

आम्ही मंगरूळपीरच्या कडेला राहायचो, शेवटच्या गल्लीच्या टोकाला. घराच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की आमची वाडी. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात गोबी. बाबा आणि आई दोघंही वाडीत राबायचे, दादा पॉलिटेक्निकला होता आणि मी कॉलेजात. विहिरीवरची मोटर आली लाइन की सुरू व्हायची आणि गेली लाइन की बंद पडायची, आणि ती सुरू असताना आई वांग्यांच्या ओळीतून मला हाक मारायची ती थेट पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची. आमच्याकडं हळू बोलणं कुणाला माहीतच नव्हतं. बाबा देवाशीसुद्धा ओरडूनच बोलायचे. सकाळी आई आणि मी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधायला बसायचो, बाबा त्या पाटीत रचून गाडीवर बाजारात न्यायचे, आणि ते परत आले की चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर हिरव्या कांद्याची पात, आणि ज्वारीची गरम भाकर. त्या भरताचा धूर माझ्या कॉलेजच्या ओढणीला कायम असायचा. मैत्रिणी नाकं मुरडायच्या, आणि डबा उघडला की त्याच आधी हात घालायच्या.

दादानं अकोल्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला तो अभ्यासासाठी, असं सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. मधल्या खोलीत ज्वारीच्या कोठीशेजारी तो मांडला. धूळ बसू नये म्हणून आईनं त्याच्यावर आपलं अर्धं लुगडं पांघरलं. त्यात दादाच्या मित्रानं, संजूनं, एक खेळ भरून दिला होता. पडक्या इमारतींतून फिरायचं, समोरच्या टोळीनं आपल्याला टिपायच्या आत आपण त्यांना टिपायचं. दादाला वाटलं होतं मला ते आवडणार नाही. आठ दिवसांत मी त्याच्यापेक्षा बरी खेळायला लागले आणि त्याला अभ्यासाची आठवण झाली.

संजूचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान होतं, आत चार कॉम्प्युटर. रविवारी सकाळी दुकान बंद असलं की ते चारही तारेनं जोडून दादा, संजू, त्याचा चुलतभाऊ आणि मी खेळायचो. मुलगी म्हणून मला कुणी सवलत दिली नाही, आणि ती मागण्यात मला कमीपणा वाटायचा. डाव्या बाजूनं कुणी आलं तर मी त्याला जिवंत सोडत नसे. उजवीकडून मात्र कुणीही यावं आणि मला मारून जावं. हे सगळ्यांच्या लवकरच ध्यानात आलं. संजू तर खुर्चीवरून ओरडून सांगायचा, "अबे, वैशूले माराचं असन तं उजवीकून जाय, डोळे झाकून जाय!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या खेळात डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. भिंतीपलीकडं कुणाची पावलं वाजली, कुठल्या बाजूनं वाजली, यावर सगळं असतं. मला उजवीकडची पावलं ऐकूच यायची नाहीत. मी ठरवून टाकलं की दोष आवाजाचा आहे. आवाज सुधारायचा म्हणजे झालं.

मग मी कॉम्प्युटरच्या आवाजाच्या मागं अशी लागले की बारावीचं पुस्तक तेवढं वाचलं असतं तर नंबर आला असता. आधी आमच्या कॉम्प्युटरला एक घुंऽऽऽ असा आवाज होता, विहिरीवरची मोटर चालू झाली की तो वाढायचा. हेडफोनची पिन पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली तर तो निम्मा झाला. बाबांनी घराबाहेर लोखंडी सळई ठोकून अर्थिंग करून दिलं, त्यात मिठाचं पाणी ओतलं, तर राहिलेलाही गेला. बाबांना वाटलं हे शॉक लागू नये म्हणून चाललंय. संजूच्या सांगण्यावरून आवाजाच्या सेटिंगमधली सगळी 'सुधारणा' म्हणून आलेली बटणं मी बंद केली, आणि आवाज खरंच सुधारला. आजही कुणी नवीन मोबाइल घेतला की मी पहिल्यांदा ती बटणं बंद करून देते. पण एवढं करूनही उजवी बाजू तशीच राहिली. तेव्हा खापर हेडफोनवर फुटलं.

हेडफोन म्हटलं की आमच्या गावात एकच माणूस, रफीकभाई. दर्ग्याच्या रस्त्याला त्यांचं छोटंसं दुकान. लग्नाच्या बँडपासून भजनी मंडळाच्या माइकपर्यंत सगळ्यांचे भोंगे, ॲम्प्लिफायर त्यांच्या हाताखालून जायचे. बाबांची मेथी त्यांच्या घरी रोज जायची, म्हणून मला ते ओळखत. मी लाल दिवे लागणारा, मोठाल्या कानांचा हेडफोन मागितला तर ते हसले. म्हणाले, "बेटा, दिवे कायले पायजे? लग्नात नाचाचं हाय का? तुले पावलं आयकाची ना? मंग ढुमढुम नको. ढुमढुमवाला घेतला की गोळी मोठी वाजते आन पाऊल बुडते." मग त्यांनी मला जे शिकवलं ते मी पुढं कितीतरी पोरांना फुकट शिकवलं. कानाला पूर्ण झाकणारा घे, कानावर दाबणारा नको, घंटाभरानं डोकं धरते. गादी बदलता येते का बघ. वायर कुठं वाकते तिथं रबर आहे का बघ, स्वस्तातला माल तिथंच मरतो. आणि घालून मान हलव, सटकला तर ठेवून दे. दसऱ्याच्या आधी मी शेजारच्या वाडीत मिरच्या तोडायला जाऊन जे जमवलं होतं, त्यात एक साधा काळा हेडफोन आला. घरी येऊन लावला. डावी बाजू अशी स्वच्छ की समोरच्या टोळीचा माणूस बंदूक भरतोय तेही कळावं. उजवी बाजू मेलेली.

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनं गेले. रफीकभाईंनी लगेच बदलून दिला. दुसराही तसाच. मला वाटलं, स्वस्त माल तो स्वस्त माल, आपणच जुगाड करू. कॉम्प्युटरमध्ये डाव्या-उजव्या बाजूचा आवाज कमी-जास्त करायची एक पट्टी असते. मी उजवी पूर्ण वर नेली, डावी खाली आणली, आणि दोन्ही कान एकदाचे सारखे झाले. त्या रविवारी मी कॉलर ताठ करून खेळले असते, पण आदल्या संध्याकाळीच दादानं तो हेडफोन कानाला लावला आणि किंचाळत उठला. "अव मेले! कान फाटला माहा! इतका आवाज कोन ठेवते एका बाजूनं?" मी म्हटलं, तुझा कान नाजूक आहे. तो म्हणाला, तुझं डोकं नाजूक आहे. आम्ही भांडलो, आईनं दोघांनाही लाटणं दाखवलं, दादानं पट्टी पुन्हा मधोमध आणली, आणि विषय तिथंच संपला. एवढं समोर दिसत असून आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

तिसऱ्यांदा मी गेले तेव्हा रफीकभाई एका भोंग्याचा पडदा चिकटवत होते. हात पुसून त्यांनी हेडफोन स्वतः घातला. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या हातात देऊन म्हणाले, "उलटा घाल." मी म्हटलं, उलटा म्हणजे? "उजवा डाव्या कानाले, डावा उजव्याले. घाल तं खरं." मी घातला. त्यांनी गाणं लावलं. उजवी बाजू तेव्हाही मेलेलीच. हेडफोनची चांगली बाजू माझ्या उजव्या कानावर होती आणि ती मेली होती, आणि मी वाईट ठरवलेली त्याची बाजू डाव्या कानात छान गात होती. मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी गाणं बंद केलं, स्टूल पुढं ओढलं आणि अगदी हळू विचारलं, "बेटा, कान वाह्यते का तुहा?"

वाहायचा. लहानपणापासून, सर्दी झाली की वाहायचा. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं, कारण त्यावर आईचं तेल होतं. तिळाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या काळ्या होईपर्यंत तळायच्या, चिमूटभर ओवा टाकायचा, गाळून वाटीत ठेवायचं. आई ते आधी आपल्या मनगटावर टाकून बघायची, मग मला उन्हात मांडीवर आडवं घ्यायची, कापसाच्या बोळ्यानं तीन थेंब सोडायची आणि वर कापूस लावून तसंच पडून राहायला सांगायची. काडीला कापूस गुंडाळून कान पुसायची तीही इतक्या हलक्या हातानं की मला झोप लागायची. माझ्या सगळ्या बालपणात आई नुसती बसलेली अशी मला तेव्हाच मिळाली. एरवी तिचे हात मेथीत, नाही तर पिठात. गल्लीतल्या बायाही आपली रडकी पोरं घेऊन तिच्याकडं यायच्या. तिच्या तेलाचा गुण यायचाही, निदान पोर झोपायचं तरी. 'वैशूच्या आईचं तेल' म्हणून त्याला नाव होतं, आणि आमच्या आईला आयुष्यात मिळालेली शाबासकी तेवढीच.

म्हणून मी घरी सांगितलं तेव्हा ती दुखावली. "माह्या तेलानं साऱ्या गल्लीचे कान बरे झाले, आन माह्याच पोरीले आयकू येत नाही म्हन्ते? कॉम्प्युटरनं कान गेला तुहा, फेक त्याले." आणि त्या संध्याकाळी तिनं मला पुन्हा मांडीवर घेतलं आणि तीनच्या जागी पाच थेंब सोडले. मी सोडू दिले. तिला नाही म्हणायचं कसं, हे मला येत नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. पदर सावरत ती म्हणाली, हे काय नवीन. मी खेळातली पावलं लावली, उजव्या बाजूनं. ती झटकन उजवीकडं वळली. "कोन आलं?" मी डावीकडून लावली, ती डावीकडं वळली. मग हसायला लागली, लहान पोरीसारखी, "अव, हे तं खरंच मांगून येऊन राह्यलं!" मी तिला दोन बटणं दाखवली, हे दाबलं की डावीकडं वाजतं, हे दाबलं की उजवीकडं. हेडफोन माझ्या कानाला लावला, तिच्याकडं पाठ केली आणि म्हटलं, "आई, तू कोनतंही दाब. मले आयकू आलं की मी हात वर करतो."

ती दाबत होती. मी हात वर करत होते. मग बराच वेळ काही वाजलं नाही. मला वाटलं ती थांबली असेल, किंवा बटण चुकत असेल. मी वाट पाहत बसले. शेवटी वळून पाहिलं तर आई उजवीकडचं बटण दाबत होती, पुन्हा दाबत होती, पुन्हा दाबत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण हे तिनं स्वतःच्या बोटानं वाचलं. ती उठली, मागच्या दारानं वाडीत गेली आणि अंधार पडेपर्यंत निंदत राहिली.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं. पडद्याला भोक होतं, बरंच मोठं. आईनं विचारलं, आवाज इतका बारीक की मला तो कधी ऐकल्याचं आठवत नाही, "तेल टाकलं तं चालते का बाई?" डॉक्टरीणबाईंनी आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या समजल्या. म्हणाल्या, "मावशी, भोक सर्दीनं पडलं असेल, तुमच्यामुळं नाही. पण वाहत्या कानात तेल गेलं की तो सुकतच नाही, मग भरत नाही. अजून उशीर झाला असता तर रोगानं आतलं हाड धरलं असतं. वेळेवर आलात." या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत ते ऑपरेशनचे तर आहेतच, पण त्याहून त्या पहिल्या वाक्याचे. येताना बसमध्ये आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी तिचा हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला नाही, एवढंच.

आधी औषधानं कान सुकवला, मग ऑपरेशन. बाबांनी दवाखान्याचं सगळं केलं, एका शब्दानं कुरकुर केली नाही, पण एक गोष्ट बजावली. "कोनाले सांगाचं नाही. पोरीची जात हाय. बहिरी म्हून नाव पडलं तं उद्या पाह्यले कोन येईन?" दादानं तोंड उघडलं, बाबांनी हात वर केला. मग ठरलं की वैशू किन्हीराजाला मामाकडं गेली आहे. ऑपरेशन झाल्यावर मी खरंच काही दिवस मामाकडं राहिले, म्हणजे खोटं अगदीच खोटं पडायला नको. पट्टी निघाली तेव्हा मामाच्या अंगणात कुणीतरी सुपात तूर पाखडत होतं. तो आवाज माझ्या दोन्ही बाजूंनी आला. मी उठून त्या सुपाभोवती एक चक्कर मारली. मामी म्हणाली, हिला काय झालं. मी सांगू शकले नाही, कारण मी रडत होते.

घरी आल्यावर मी केस कानावरून घेऊन वेणी घालायचे, टाके दिसू नयेत म्हणून. संजूला मी दुसऱ्याच रविवारी उजवीकडून येताना टिपला. तो पडद्याकडं पाहत म्हणाला, "हे कसं झालं बे?" त्यालाही मी सांगितलं नाही. आई बरी दिसत होती, पण बोलणं कमी झालं होतं. तेलाची वाटी फळीवर उपडी पडलेली असायची.

आणि मग त्या थंडीत एका सकाळी आमच्या गल्लीतली मीराकाकू आपल्या तीन-चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन आली. पोर कान धरून किंचाळत होतं. ओट्यावर तीन-चार बाया जुड्या बांधायला बसल्या होत्या, बाबा पाटी भरत होते. मीराकाकू म्हणाली, "वैशूची माय, रातभर झोपली नाही व. तेल टाकून दे."

आईनं हातातली मेथी खाली ठेवली. तिनं काहीही सांगून वेळ मारून नेली असती तरी चाललं असतं. तेल संपलं म्हणाली असती, लसूण नाही म्हणाली असती. मी तिच्याकडं पाहत होते, बाबाही पाहत होते. ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली, विहिरीवरची मोटर चालू असताना बोलते तसं, म्हणजे अर्ध्या गल्लीनं ऐकलं. "मी तेल नाही टाकत आता. माह्या तेलानं माह्या पोरीचा कान सुकलाच नाही, पडद्याले हे एवढं भोक होतं. अकोल्याले ऑपरेशन केलं तिचं. मामाकडं नव्हती गेली ते. तू काडी घालू नको, तेल टाकू नको. थांब, मी येतो तुह्यासंग दवाखान्यात."

बाया माझ्याकडं पाहायला लागल्या, माझ्या डोक्याकडं, वेणीकडं. आईनं चप्पल पायात सरकवली, पोरीला मीराकाकूच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं आणि दोघी सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागल्या. गल्लीच्या वळणापर्यंत त्या पोरीचं रडणं मला ऐकू येत होतं.

संध्याकाळी बाबांनी लगेच घास घेतला नाही. ताटावर बसले आणि म्हणाले, "काय अडलं होतं सांगाले? साऱ्या गावात झालं आता."

आई भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मी तोंड दाबून बसलो असतो," ती म्हणाली, "तं त्या मीरानं दुसऱ्या कोनाकून तेल टाकून आनलं असतं. माहीच तरकीब हाय ते. साऱ्या गल्लीले म्याच शिकवली."

भाकर तव्यावरून उतरली तशी बाबांनी ती मोडली आणि खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गाडीवर पाटी धरून मी बाजारात गेले होते. त्यांचं रोजचं एक गिऱ्हाईक मेथी निवडता निवडता माझ्याकडं पाहून म्हणालं, पोरगी बरेच दिवस दिसली नाही. बाबांनी जुडी हातात धरून ठेवली. मग म्हणाले, "ऑपरेशन केलं तिच्या कानाचं. अकोल्याले. आता तिले दोन्हीकून आयकू येते." आणि खात्री पटावी म्हणून ते माझ्या उजव्या बाजूला आले आणि त्यांनी मला, त्यांना जमेल तेवढ्या हळू, हाक मारली.